गावाकडच्या ऑफिसचा संगणक जुळवताना: सुरुवात सॉकेटपासून

ग्रामपंचायत, सेवा सहकारी सोसायटी, कृषी केंद्र, जिनिंगचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, आपले सरकार सेवा केंद्र. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत नवा डेस्कटॉप लागतो तो बहुतेक अशाच ठिकाणी. खरेदीला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, आय३ घेऊ का आय५?" त्याचं उत्तर सोपं आहे आणि पुढे देतोच. पण आपल्याकडचे संगणक वर्ष-दोन वर्षांत आडवे होतात ते प्रोसेसर कमी पडल्यामुळे नव्हे. वरखाली होणारं व्होल्टेज, नावापुरतं अर्थिंग, मे महिन्यातलं ऊन आणि धूळ यांनी ते जातात. म्हणून या लेखात भाग निवडायचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे. आधी वीज, मग पेटी, मग बाकीचं.

पहिली पायरी: कागदावर काम लिहा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर दोन याद्या करा. एकीत या संगणकावर काय काम होणार ते: टॅली, एक्सेल, मराठी टायपिंग, दाखले आणि उताऱ्यांच्या वेबसाइट, ऑनलाइन मीटिंग. दुसरीत त्याला काय काय जोडायचं आहे ते. ही दुसरी यादी लोक करत नाहीत आणि तिथेच अडतं. सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम, वरून ग्राहकाने आणलेला पेन ड्राइव्ह. आठ यूएसबी झाले. स्वस्त मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) मागे चार किंवा सहाच पोर्ट असतात. मग दीडशे रुपयांचा हब लावला जातो, त्यावर अंगठ्याचं मशीन मध्येच सुटतं आणि समोर रांगेतला म्हातारा माणूस चार-चार वेळा बोट ठेवत बसतो. म्हणून पोर्ट आधी मोजा. मागे निदान सहा आणि कॅबिनेटला पुढे दोन, एवढे तरी हवेतच.

जिनिंग, बाजार समिती किंवा धर्मकाट्यावरचा संगणक असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काट्याचा इंडिकेटर बरेचदा जुन्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर, म्हणजे कॉम पोर्टवर चालतो. नव्या बोर्डांच्या मागे तो दिसत नाही, पण बऱ्याच बोर्डांवर आतल्या बाजूला त्याच्या पिना दिलेल्या असतात आणि पट्टीसह केबल वेगळी मिळते. बोर्ड घेतानाच ही केबल मागून घ्या. यूएसबी कन्व्हर्टरनेही काम भागतं, पण काट्यासारख्या पैशाच्या जागी मला बोर्डावरचा पोर्टच जास्त भरवशाचा वाटतो.

दुसरी पायरी: वीज

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव खेड्यातल्या बहुतेक ऑफिसांत कोणाला ना कोणाला आलेला असतो. "नवीन संगणक आहे, येते थोडी करंट" म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमध्ये बसून सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं. त्यातून जी अगदी थोडी वीज पत्र्यावर येते ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच राहते. तीच वीज प्रिंटरच्या आणि नेटच्या केबलमधूनही वाट काढते आणि पोर्ट जाळते. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणजे अर्थिंग आहे असं धरू नका. पुष्कळ जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला वायरच नसते.

गावातल्या वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने तपासायला सांगा. फेज ते न्यूट्रल जेवढं व्होल्टेज, जवळजवळ तेवढंच फेज ते अर्थ दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर जाता कामा नये. नसेल तर खड्डा करून, कोळसा-मीठ भरून नवं अर्थिंग करून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं. फेब्रुवारीपासून पहिला पाऊस येईपर्यंत त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाकण्याचं काम कोणाच्या तरी अंगावर टाका.

आता एसएमपीएस. दुकानात "कॅबिनेट विथ एसएमपीएस" अशी जोडी स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. दोन्ही वेगळे घ्या आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल स्वतः वाचा. लेबलवर इनपुट नावाची एक ओळ असते. तिथे "२००–२४०" किंवा नुसतं "२३०" छापलेलं असेल तर तो घेऊ नका. "१००–२४०" छापलेलं असेल तर पुढे बोला. रब्बीत ओलिताच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो आणि गावात व्होल्टेज १७०-१८०पर्यंत उतरतं. अशा वेळी पहिल्या प्रकारचा एसएमपीएस संगणक बंद-चालू करत राहतो. दुसऱ्या प्रकारचा चालत राहतो. वॉटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ग्राफिक्स कार्ड नसलेला ऑफिसचा संगणक कामात असताना सहसा शंभर वॉटच्या आसपासच राहतो, त्यामुळे ४०० किंवा ४५० वॉटचा, पण नावाजलेल्या कंपनीचा आणि ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवतो याचं) चिन्ह असलेला पुरे. बिनानावाच्या ६०० वॉटच्या स्टिकरला काही अर्थ नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तर तो साधारण ३६० वॉट भार उचलतो, म्हणजे एक संगणक आणि एक मॉनिटर आरामात. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी नवी असताना पंधरा-वीस मिनिटं देते. चालू नोंद पूर्ण करून संगणक नीट बंद करायला ती पुष्कळ झाली. चार-चार तास भारनियमन असेल तर इन्व्हर्टर लागेल, तो या हिशोबात धरू नका. यूपीएसच्या खोक्यावर इनपुट रेंज छापलेली असते. १४० ते ३०० व्होल्टच्या आसपासची घ्या. रेंज अरुंद असेल तर तो कमी व्होल्टेजला सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी लवकर संपते. उष्णतेचंही ध्यानात ठेवा: शिशाच्या बॅटरीचं आयुष्य तापमान दहा अंशांनी चढलं की जवळपास निम्मं होतं. त्यामुळे चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे दोन वर्षांत बॅटरी बदलावी लागली तर दुकानदाराशी भांडू नका, तेवढा खर्च आधीच धरून चाला.

दोन सूचना इथेच देतो. लेझर प्रिंटर कधीही यूपीएसवर लावू नका. कागद भाजताना तो एकदम हजार वॉटच्या घरात वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. आणि साध्या यूपीएसमधून बॅटरीवर निघणारी लहर पायऱ्या-पायऱ्यांची असते, ती काही चांगल्या एसएमपीएसला मानवत नाही. दोन्ही एकाच दुकानातून घ्या, तिथेच जोडा आणि भिंतीतला प्लग उपसून बघा. संगणक चालू राहिला तरच पैसे द्या.

तिसरी पायरी: पेटी

कॅबिनेट म्हणजे शोभेचं काम, असं समजून सर्वांत स्वस्त उचललं जातं. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातलं कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा दाट थर बसला होता, नखाने सोलला तर अखंड निघाला. पंखा फिरत होता, हवा जात नव्हती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा असाच शिरतो. म्हणून पुढच्या बाजूला काढून धुता येणारी जाळी, तिच्यामागे एक पंखा, मागे एक पंखा, एवढं असलेलं साधं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट घ्या. काचेची बाजू आणि रंगीत दिवे यांना ऑफिसात काही काम नाही. मागच्या रिकाम्या पट्ट्या मात्र सगळ्या जागेवर आहेत ना, ते बघाच. एक पट्टी निघालेली असली तरी पाल आत जाते आणि बोर्डवर मरून पडली की बोर्ड शॉर्ट होतो. जरा मोठं भोक असेल तर उंदरालाही वाट सापडते.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे मार्चपासून प्रत्येक ऑफिसात कूलर लागतो आणि टेबल बरोबर त्याच्या झोताखाली असतं. माणसाला बरं वाटतं, संगणकाला नाही. ओलसर हवेत धूळ मिसळली की तिचा चिखल होतो आणि तो बोर्डवर चिकटून राहतो. फुंकून निघत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार असतील तर धातूचे पाय गंजतात. संगणक कूलरच्या बाजूला ठेवा, समोर कधीच नाही, आणि जमिनीपासून वीतभर तरी वर. कोरड्या धुळीसाठी महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

प्रोसेसरला वेगळा महागडा कूलर लागतो का, असं बरेच जण विचारतात. ऑफिसच्या कामाला नाही. बॉक्स-पॅक प्रोसेसरसोबत येणारा पंखा ४५ अंशांच्या दिवशीही पुरतो, मात्र वरची हवा मोकळी हवी. संगणक टेबलाच्या बंद खणात कोंबला तर कोणताच पंखा पुरणार नाही.

चौथी पायरी: प्रोसेसर आणि बोर्ड

आता तो पहिला प्रश्न. टॅली, एक्सेल, ब्राउझरमधले दहा-पंधरा टॅब, टायपिंग, स्कॅनिंग, मीटिंग यांना इंटेल कोअर आय३-१२१०० पुरून उरतो. २०२२ सालचा हा प्रोसेसर, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. त्याच घरातला पुढचा आय३-१४१०० मिळाला तर तोही चालेल. एएमडीकडे जायचं असेल तर सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी चांगला. आय५-१२४०० घ्यावा तो मोठ्या एक्सेल फायली, फ्लेक्स-पत्रिकांचं डिझाइन किंवा व्हिडिओचं काम असेल तर. नसेल तर ते वरचे पैसे यूपीएस आणि एसएसडीकडे (विंडोज आणि फायली साठवणारी वेगवान डिस्क) वळवा.

इंटेलच्या नावात शेवटी "एफ" असेल, म्हणजे १२१००एफ किंवा १२४००एफ, तर तो ऑफिससाठी घेऊ नका. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून हाच पुढे करतो. कोटेशनवर पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासह लिहून घ्या.

आय३-१२१००ला एच६१० चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड पुरतो. रायझन ५६००जीला ए५२० किंवा बी५५०. बोर्ड निवडताना कागदावरची यूएसबीची यादी काढा आणि मागची बाजू खरोखर मोजा. एम.२ एसएसडीची (बोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) जागा आहे का, जुना मॉनिटर वापरायचा असेल तर व्हीजीए आहे का, एवढं बघा. एच६१०चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळी असते. चौदाव्या जनरेशनचा, म्हणजे आय३-१४१००सारखा प्रोसेसर घेत असाल तर बोर्डचं बायोस (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) त्याला चालेल इतकं नवं आहे का, ते दुकानातच चालू करून पाहा. कंपनी कोणती, यापेक्षा त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात आहे का, हे विचारणं आपल्यासाठी जास्त मोलाचं. वॉरंटी तीन वर्षांची असली आणि बोर्ड मुंबईला पाठवावा लागला तर ऑफिस तेवढे दिवस बंद राहतं.

पाचवी पायरी: रॅम आणि एसएसडी

रॅम ८ जीबीच्या खाली नको. १६ असेल तर पुढची चार-पाच वर्षं डोकेदुखी नाही. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे ८-८च्या दोन पट्ट्या एका १६च्या पट्टीपेक्षा जास्त चांगल्या चालतात. २०२५च्या शेवटी मेमरीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा हात आखडत असेल तर आज ८ची एक पट्टी घ्या आणि दुसरी जागा मोकळी ठेवा. तीच कंपनी, तोच वेग बिलावर लिहून ठेवला की नंतर जोडी जुळवणं सोपं जातं.

संगणक "फास्ट" वाटतो तो एसएसडीमुळे. एनव्हीएमई प्रकारची ५०० जीबीची एम.२ एसएसडी घ्या, ओळखीच्या कंपनीची. यातला अतिवेगवान, महाग प्रकार ऑफिसच्या कामात जाणवत नाही. बिनानावाची मात्र चुकूनही नको, कारण वीज अचानक गेल्यावर अशा एसएसडीतला डेटा आधी जातो, आणि सोसायटीच्या कर्जवाटपाच्या नोंदी किंवा पतसंस्थेचं खातं परत कोण लिहिणार? बॅकअपसाठी वेगळी बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर शनिवारी त्यावर कॉपी करा आणि ती काढून कपाटात ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेला बॅकअप व्हायरस आला की मूळ फायलींसोबतच जातो.

बाकीचं पटकन. मॉनिटर २२ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा. कीबोर्ड-माऊस वायरवाले. टायपिंगसाठी मराठी इनस्क्रिप्टची अक्षरं छापलेला कीबोर्ड मिळाला तर नव्या माणसाला बरं पडतं. नेट केबलने येत असेल तर उत्तम. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवायचं असेल तर बोर्डला वाय-फाय नसतं हे धरून यूएसबी अडॅप्टर यादीत टाका, म्हणजे आणखी एक पोर्ट गेला.

विंडोज आणि जुन्या मालाचं आमिष

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नवा संगणक विंडोज ११वरच घ्या आणि लायसन्स बिलावर दाखवायला सांगा. विंडोज ११ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासून पुढची सिरीज. वर सांगितलेले सगळे प्रोसेसर यात बसतात. कधी टीपीएम बायोसमध्ये बंद असतं, ते चालू करून घ्यायचं. लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट आहेत आणि शाळेच्या, नुसत्या टायपिंगच्या संगणकावर मी ते आनंदाने टाकतो. पण अंगठ्याचं मशीन आणि सहीचं टोकन जिथे रोज लागतं तिथे विंडोजच कमी त्रासाचं आहे.

"आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, वॉरंटीसह, फक्त इतक्यात", अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. पहिला प्रश्न विचारा: कितवी जनरेशन? बहुतेक वेळा तो दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा, म्हणजे २०११-१२ सालचा वापरलेला प्रोसेसर निघतो, नव्या चिनी एच६१ बोर्डवर बसवलेला. आजचा साधा आय३ त्याच्या कितीतरी पुढे आहे. कंपन्यांच्या ऑफिसांतून आलेले आठव्या जनरेशनच्या पुढचे ब्रँडेड जुने डेस्कटॉप मात्र वाईट नसतात, बजेट अगदीच तोकडं असेल तर जरूर बघा. ते घेताना बोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवा टाका. तो उतरला की तारीख मागे जाते आणि सरकारी वेबसाइट उघडायलाच तयार होत नाहीत. लोक त्यासाठी नेटवाल्याला फोन करत बसतात.

बिल आणि पहिला दिवस

ग्रामपंचायत किंवा शाळेसाठी दरपत्रक मागवत असाल तर नुसतं "आय३ संगणक, ८ जीबी" असं लिहू नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव, बोर्डचा चिपसेट, रॅमचा प्रकार आणि वेग, एसएसडीचा प्रकार आणि कंपनी, एसएमपीएसची इनपुट रेंज, सगळं लिहा. नाहीतर तिन्ही दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे भाव पाठवतात आणि सर्वांत कमी भाव सर्वांत हलक्या मालाचा असतो. बिल पक्कं, जीएसटीचं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेलं घ्या. त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ईमेलवर ठेवा. खोकी निदान वर्षभर फेकू नका.

जुळवणी दुकानातच करून घ्या आणि शेजारी बसून पाहा. प्रोसेसरजवळचं पॉवरचं कनेक्टर पूर्ण आत गेलंय का, बोर्डखालचे पितळी स्क्रू-टेकू जागेवर आहेत का, दोन्ही पंख्यांची हवा पुढून मागे जाते का, एवढ्यावर नजर ठेवा. संगणक चालू करून बायोसमध्ये रॅम आणि एसएसडीचे आकडे बिलाशी जुळवा. मग ऑफिसात आणून जोडला की पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन आणि टोकन एकाच वेळी लावून एक पूर्ण काम करून बघा, आणि ते चालू असताना यूपीएसचा प्लग काढा. काही बिघडायचं असेल तर ते त्या दिवशी बिघडावं, बदलून मिळतं. मृगाच्या आधी ढग गडगडायला लागले की संगणकाचा प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवायला सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगा. नुसतं बटण बंद केल्याने विजेच्या लोळापासून बोर्ड वाचत नाही, आणि बऱ्याचदा ती नेटच्या तांब्याच्या वायरनेच आत येते.